डाव कुणाचा, गल्ला कुणाचा?

ईदला भाचा पुण्याहून दिंडोरीला आला तो बॅगभर फासे आणि जाडजूड पुस्तकं घेऊन. फासे बघून अब्बांच्या कपाळावर आठी पडली. यात पैसा लावत नाहीत, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि अडलं की फासा टाकतात. रात्री गच्चीवर भाचा तावातावाने म्हणाला, "मामू, हे खेळ सुटाबुटातल्या लोकांनी बिघडवले. खेळाच्या कंपनीचा प्रमुख खेळणाराच पाहिजे."

मी कॅरमवर वाढलेला माणूस. त्याचं म्हणणं मला चटकन पटायला हवं होतं, पण पूर्ण पटलं नाही. मात्र त्याच्या विरोधात जे बोललं जातं, ते मला त्याहून खोटं वाटतं. आधी त्याचाच समाचार घेतो.

"खेळाडूंनी खेळावं, कारभार आपल्याला कळतो." हे वाक्य महाराष्ट्राला नवीन नाही. 2001 मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी अजित वाडेकर उभे होते. 1971 साली वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून देणारा कर्णधार. ते शरद पवारांकडून हरले. 2011 मध्ये दिलीप वेंगसरकर उभे राहिले. लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकलेला फलंदाज. ते विलासराव देशमुखांकडून हरले. 2022 मध्ये 1983 च्या विश्वविजेत्या संघातले संदीप पाटील उभे राहिले. त्यांना अमोल काळेंनी हरवलं, आणि तेव्हा काळेंच्या मागे एकमेकांविरुद्ध राजकारण करणाऱ्या पक्षांचे नेते एकत्र उभे होते. तीन वेळा खेळाडू, तीन वेळा हार.

राजकारणी मंडळींनी काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. 2011 च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियम नव्याने उभं राहिलं, ते याच काळात. पण 'खेळाडूला हिशेब कळत नाही' हे कारण मला मान्य नाही. हिशेब पगार देऊन करून घेता येतो, गावातला किराणा दुकानदारही तेच करतो. खरं कारण मतदार यादीत आहे. तिथली बहुतेक मतं संलग्न क्लबांची. मैदानात घाम गाळणाऱ्या पोराचं मत त्यात नाही. ज्याला क्लब सांभाळता येतात तो जिंकतो. यात क्रिकेट कळण्याचा प्रश्न येतो कुठे?

आता भाच्याकडे वळतो. त्याचा लाडका खेळ 1974 मध्ये टीएसआर नावाच्या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. कंपनी काढणारा गॅरी गायगॅक्स स्वतः अट्टल खेळणारा. कंपनी पहिल्यांदा गोत्यात आली ती 1985 च्या आधी, आणि तेव्हा कारभार खेळणाऱ्यांच्याच हाती होता. पैसा आला तसा उधळला, भरतकामाच्या सामानाची एक कंपनीसुद्धा विकत घेतली. मग 1985 मध्ये लोरेन विल्यम्स या व्यवस्थापक बाईंच्या हाती कंपनी गेली, आणि 1997 मध्ये कर्जाखाली दबून विकली गेली. विकत घेतली ती पीटर ॲडकिसन या खेळवेड्या माणसाच्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने. त्या व्यवहारात असलेल्या रायन डॅन्सी यांनी पुढे लिहिलं की ग्राहकांना काय हवंय हे विचारण्याची पद्धतच टीएसआरमध्ये नव्हती. म्हणजे एकदा खेळणाऱ्याच्या हातून बुडायला आली, एकदा व्यवस्थापकाच्या हातून बुडाली.

उलटं उदाहरणही आहे. इंग्लंडच्या 'गेम्स वर्कशॉप'चे छोटे सैनिक रंगवून लोक लढाया खेळतात. तिथे 2015 पासून प्रमुख आहेत केव्हिन राउंट्री, पेशाने हिशेबनीस. त्यांच्या काळात कंपनी वाढत गेली आणि डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. फक्त एक गोष्ट विसरू नका. हा माणूस 1998 पासून त्याच कंपनीत होता. प्रमुख होण्याआधी सोळा-सतरा वर्षं त्याने तो धंदा आतून पाहिला होता.

आणि 'विझार्ड्स'ची आजची मालक कंपनी हॅस्ब्रो? तिचे प्रमुख ख्रिस कॉक्स स्वतः हा खेळ खेळत मोठे झाले, हे ते अभिमानाने सांगतात. तरी जानेवारी 2023 मध्ये कंपनीचा एक मसुदा फुटला. खेळाचे नियम वापरून पुस्तकं काढणाऱ्या इतर प्रकाशकांना बरीच वर्षं मोकळीक होती. आता वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर जे येईल, त्यातला 25 टक्क्यांपर्यंत वाटा कंपनीला हवा होता. खेळणारे खवळले, त्यांनी वर्गण्या बंद केल्या. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम सगळ्यांना कायमचे खुले केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हॅस्ब्रोने 1,100 लोकांना घरी पाठवायचं जाहीर केलं. ती माघार साहेबांच्या खेळावरच्या प्रेमामुळे झाली नाही. खेळणाऱ्यांच्या हातात वर्गणी होती, ती त्यांनी थांबवली, म्हणून झाली. नोकरांच्या हातात तसं काही नव्हतं, ते गेले.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "प्रमुख खेळतो का, हे विचारूच नकोस. त्याला खाली उतरवणारा कोण आहे, ते विचार."

याचं उत्तर आमच्या तालुक्यातच सापडतं. मोहाडी गावात 'सह्याद्री फार्म्स' आहे. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून भारताची द्राक्षं युरोपात अडकली. नियम साहेबांना कळले नव्हते, नुकसान बागवाल्याने सोसलं. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्या बरोबरच्या शेतकऱ्यांनी स्वतःची उत्पादक कंपनी उभी केली. अशा कंपन्यांचा कायदा वाचण्यासारखा आहे. सभासद व्हायला उत्पादकच असावं लागतं. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि कायदा हेही सांगतो की पूर्णवेळ मुख्य कार्यकारी सभासदांमधला नसावा, बाहेरचा नेमावा. म्हणजे मालकी पिकवणाऱ्याची आणि व्यवस्थापक त्याने नेमलेला, जाणकार. 2022 मध्ये सह्याद्रीत युरोपातून सुमारे 310 कोटी रुपये आले, ते उपकंपनीत आले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. शेतकऱ्याला धंदा कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा मोहाडीला चक्कर मारावी.

खेळाच्या कंपन्यांना आणि संघटनांना हेच लागू करा. तिथे नुसता एखादा नामवंत खेळाडू खुर्चीवर बसवून भागत नाही. सौरव गांगुली आणि रॉजर बिन्नी भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, म्हणून रणजी खेळणाऱ्या मुलाला मत मिळालं का? 2019 मध्ये खेळाडूंची संघटना झाली, तीसुद्धा निवृत्तांची. जो आज खेळतोय, ज्याची मजुरी आणि दुखापत आजची आहे, तो अजून दाराबाहेरच आहे.

हे मला इतकं लागतं, त्याला कारण आहे. माझ्या तरुणपणी आमच्या मोहल्ल्यात कॅरमची एक खोली होती. वर्गणीतून बोर्ड आले, पावडर आली. रमजानमध्ये तरावीहनंतर सहेरीपर्यंत सोंगट्यांचा आवाज चालायचा. मग एका पैसेवाल्या गृहस्थांनी पत्रे बदलून दिले, आणि आम्ही खुशीने त्यांना अध्यक्ष केलं. दोन वर्षांत स्पर्धेची फी वाढली, बक्षीस वाटायला पाहुणे आले, आणि लग्नसराईत खोली भाड्याने जाऊ लागली. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "चाचा, भाड्याचा हिशेब?" त्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला. बाकीचे आम्ही गप्प बसलो, मीसुद्धा. काही महिन्यांत खोलीत खेळणारा कुणीच उरला नाही. ते गृहस्थ वाईट नव्हते, तरुणपणी स्वतः कॅरम खेळलेले होते. दोष आमचा. पत्र्यांच्या बदल्यात आम्ही विचारण्याचा हक्क देऊन टाकला होता.

हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकतो! सगळ्यांना सारखं कापड वाटलेलं असताना खलिफांचा कुर्ता एवढा मोठा कसा, असं एका साध्या माणसाने भर सभेत विचारलं. त्यांच्या मुलाने उभं राहून सांगितलं, माझ्या वाट्याचं कापड मी वडिलांना दिलं. तेव्हा कुठे त्या माणसाने पुढचं ऐकून घेतलं. ही गोष्ट ऐकून आपण सुब्हानअल्लाह म्हणतो, आणि बाहेर येऊन आपल्या शाळांच्या, मदरशांच्या, जमातखान्यांच्या ट्रस्टींना कुणी हिशेब विचारला की त्याला बेअदब ठरवतो. शाळेच्या कमिटीवर शिकवणारा नाही, वसतिगृहाच्या कमिटीवर तिथे राहून शिकलेला नाही. कारण काय सांगतात? "त्यांना कारभार कळत नाही." वाडेकरांबद्दल हेच म्हणत होते.

पद ही अमानत आहे, हे आपल्याला पाठ आहे. अमानत सांभाळणारा व्यापारी असो की खेळाडू, मला फरक पडत नाही. ज्याची ती वस्तू आहे, त्याला ती परत मागता आली पाहिजे.

भाचा सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "म्हणजे मामू, मी हरलो?" मी म्हटलं, नाही. तुझा डाव बरोबर आहे, फक्त तू सोंगटी चुकीची धरलीस. त्या कॅरमच्या खोलीला सध्या कुलूप आहे. किल्ली कुणाकडे आहे, ते येत्या जुम्याला मी सगळ्यांसमोर विचारणार आहे.