घरांतील गणित : वाळूचें माप

गेल्या महिन्यांत मागील पडवीच्या दुरुस्तीसाठीं आम्हीं वाळू आणविली. मालमोटार दाराशीं येतांच चालकानें हौद्यांत पुढच्या बाजूस सळई खुपसून खोली तीन फूट दाखविली. हौदा दहा फूट लांब, सहा फूट रुंद. आम्हीं तोंडींच गुणाकार केला : १८० घनफूट; शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे १.८ ब्रास. पावतीवर सही करणार, इतक्यांत आमची नात चाकावर पाय देऊन वर डोकावली व म्हणाली, "आजोबा, मागें तर वाळू दोनच फूट आहे!"

छत्तीस वर्षें वर्गांत घनफळ शिकविलें, आणि स्वतःच्या दारांत चुकलों! लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार खरा. परंतु प्रत्येक माप सर्वत्र सारखें असेल तरच. ही अट आम्ही मुलांस एकदां सांगून पुढें जात असूं. भास्कराचार्य तसे गेले नाहींत. इ. स. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त, खातव्यवहारांत, म्हणजे खणलेल्या खड्ड्यांच्या हिशेबांत, ते प्रथम अनेक ठिकाणीं मापें घेऊन सरासरी काढावयास सांगतात. त्यांच्या उदाहरणांतील खड्डाही वेडावांकडाच आहे : लांबी १०, ११ व १२ हात; रुंदी ५, ६ व ७; खोली २, ३ व ४. सरासरी ११, ६ व ३. घनफळ १९८ घनहस्त.

त्याप्रमाणें सळई पुढें, मध्यें व मागें खुपसविली. तीन, अडीच, दोन. सरासरी अडीच फूट. घनफळ १५० घनफूट, म्हणजे दीडच ब्रास. तितक्याचेच पैसे दिले. चालक कुरकुरला, पण सळई त्याच्याच हातांत होती.

जातां जातां पाण्याच्या टांकीविषयीं. ती बाहेरून मोजूं नये. बाहेरून ५ फूट लांब, ४ रुंद व ४ उंच टांकी ८० घनफुटांची दिसते. पण भिंती व तळ अर्धा अर्धा फूट जाड असल्यास आंतील मापें ४, ३ व साडेतीन, आणि घनफळ अवघें ४२! घनफुटास सुमारें २८.३ लिटर, म्हणजे पाणी १,१९० लिटरांच्या आसपासच. घरांत कार्य असेल तर दुपारींच घागरी तळाला लागावयाच्या.

याच टांकीस आंतून भिंतींना व तळाला एक इंच गिलावा केल्यास किती पाणी कमी मावेल, तें वाचकांनीं घरच्या मुलांकडून काढून घ्यावें. इंचांचे फूट करण्यास मात्र विसरूं देऊं नये.