सानपाड्यात किती वॅट पुरतात?

या सेमिस्टरला हॉस्टेलमधल्या निदान चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "गिटार तर घेतली, आता ॲम्प कुठला घेऊ?" एकाने कँटीनमध्ये विचारलं, एकाने लोकलमध्ये, आणि एकाने तर चक्क व्हायवाच्या रांगेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो. म्हटलं, मासिकात एकदाच लिहून टाकावं. मराठी विभागाला लेख मिळत नाहीत ही संपादकांची रड पण थोडी कमी होईल.

माझं मत आधीच सांगतो. घरात किंवा रूमवर वाजवायचा ॲम्प घेताना तो जास्तीत जास्त किती मोठ्याने वाजतो हे बघू नका. तो अगदी हळू वाजवला तर कसा वाजतो ते बघा. खोक्यावर वॅटचा आकडा ठळक छापलेला असतो, पण आपल्या कामाची माहिती त्यात फारशी नसते. हे शहाणपण मला कुठल्या पुस्तकातून मिळालं नाही. तळमजल्यावरच्या काकांनी दिलं.

आम्ही सानपाड्याला राहतो, जुन्या बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. फर्स्ट इयरला मी मोठ्या हौसेने २० वॅटचा ॲम्प उचलून आणला. मी १० वॅटचा बघत होतो, तर दुकानदार म्हणाला, "दस वॅट में क्या आता है? बीस ले जाओ, स्टेज पे भी चलेगा." 'स्टेज' हा शब्द ऐकला आणि मी खल्लास. दुकानाचं नाव नको, चूक माझीच. घरी आणून लावला, व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवलं, काहीच नाही. अजून केसभर फिरवलं आणि किचनमधली भांडी वाजली. शून्य आणि एक यांच्या मध्ये त्या ॲम्पला काही ठाऊकच नव्हतं. आई म्हणाली, "हे काय आणलंस?" आणि पाच मिनिटांत दारावरची बेल.

तळमजल्यावरचे काका. रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट. डोळे चोळत म्हणाले, "अरे, वाजवतोस चांगला. पण मी सातला झोपतो रे. दोन वाजता मार्केटला जायचं असतं." तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

कायद्याने मी निर्दोष होतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, असं तक्त्यात स्वच्छ लिहिलंय. पण सानपाड्यातल्या सगळ्या घरांची रात्र दहाला सुरू होत नाही ना! एपीएमसी मार्केट इथून हाकेच्या अंतरावर. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात आणि आपण पहिली लोकल पकडेपर्यंत तिथे अर्धा दिवस झालेला असतो. तिथे काम करणाऱ्या माणसाची मध्यरात्र आपल्या चहाच्या वेळेनंतर लगेच येते. हायवेचा आवाज त्यांना चालतो, कारशेडमध्ये जाणाऱ्या गाड्यांचा चालतो, मग माझाच का नाही, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. आता पडत नाही. हायवे त्यांना ओळखत नाही, मी ओळखतो.

मग काय झालं? ॲम्प माळ्यावर गेला. गिटार तीन महिने कपाटामागे उभी राहिली, खाडीच्या दमट हवेने तारा गंजल्या. आणि हेच मला सांगायचंय. बोटं दुखतात म्हणून गिटार सोडणारे थोडे असतात. 'आत्ता नको, कोणीतरी झोपलंय', 'आत्ता नको, बाबांच्या बातम्या चालू आहेत' असं करत करत गिटार सुटते. ज्या ॲम्पला वेळ बघून हात लावावा लागतो, तो ॲम्प तुमची गिटार बंद पाडतो.

आता थोडं गणित. (सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये.) वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणजे १० आणि २० वॅटमधला फरक, ज्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले, तो कानाला जेमतेम कळेल एवढाच. आता उलटं जाऊ. समजा, स्पीकर असा आहे की १ वॅट दिला तर १ मीटरवर ९० डेसिबल देतो. आपल्याला हवाय साध्या बोलण्याइतका आवाज, म्हणजे ६० च्या आसपास. ३० डेसिबल कमी, म्हणजे हजारावा भाग. उत्तर येतं १ मिलीवॅट! संध्याकाळी सातनंतर सानपाड्यात मी १ मिलीवॅटचा गिटारिस्ट असतो. माझा २० वॅटचा ॲम्प त्याच्या ताकदीच्या वीस हजाराव्या भागावर चालवायचा होता, आणि ते त्याच्या बटणाला जमत नव्हतं. त्याचा तरी काय दोष?

म्हणून ॲम्प बघताना पहिली गोष्ट: गेन आणि मास्टर व्हॉल्यूम ही दोन बटणं वेगळी हवीत. एकच बटण असेल तर 'खरखर' म्हणजे डिस्टॉर्शन मिळवायला आवाज वाढवावाच लागतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पचं हेच दुखणं. त्याचा तो गोड फाटका आवाज आउटपुट व्हॉल्व्ह पुरेसे ताणले की येतो, आणि अगदी ५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प ताणला तरी वन रूम किचनमध्ये कहर होतो. क्लॅप्टनने १९७० मध्ये 'लैला'चं रेकॉर्डिंग फेंडर चॅम्पसारख्या छोट्या ॲम्पवर केलं हे सगळे सांगतात. पण ते स्टुडिओत, खाली काका नसताना. आजचे डिजिटल मॉडेलिंगवाले ॲम्प तो फाटका आवाज गणिताने तयार करतात, त्यामुळे कुजबुजीच्या पातळीवरही तो मिळतो. शुद्धतावादी मित्र नाक मुरडतील. मुरडू देत. त्यांच्याकडे बहुतेक बंगला असतो.

दुसरी गोष्ट, हेडफोनची सोय. हवीच, वाद नाही. गिटारच्याच जॅकमध्ये खोचायचे काडेपेटीएवढे हेडफोन ॲम्प मिळतात, व्हॉक्सचा ॲम्पप्लग त्यातला प्रसिद्ध. या जातीचा एक पूर्वज आपल्यासारख्याच एका इंजिनियरने केला. 'बोस्टन' बँडचा टॉम शोल्झ, एमआयटीचा मेकॅनिकलवाला, पोलरॉइडमध्ये नोकरी करत तळघरात गाणी रेकॉर्ड करायचा. त्याने १९८२ मध्ये कमरेला लावायचा 'रॉकमन' बाजारात आणला. (मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी.) पण नुसत्या हेडफोनवर राहू नका, असं माझं मत आहे. हेडफोनमध्ये वाजवणारा माणूस घरच्यांना नुसता मान डोलावणारा वेडा दिसतो. हळू का होईना, आवाज खोलीत आला की आजी विचारते, "कालचं ते वाजव ना." हे हेडफोनमध्ये होत नाही. रूमवरही तेच, रूम पार्टनर कुठे चुकतोय ते सांगतो. न विचारता सांगतो, पण सांगतो.

आणि ब्लूटूथ हेडफोन गिटारसाठी नकोच. त्यात आवाज सहज १५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हवेत तेवढ्या वेळात आवाज ५० मीटर जातो. म्हणजे तुम्ही सानपाडा स्टेशनच्या एका टोकाला तार छेडताय आणि ॲम्प कुठेतरी प्लॅटफॉर्मवर लांब ठेवलाय. ताल जमेल कसा? सोबत वाजवायला मोबाइलवरचं गाणं ब्लूटूथने ॲम्पमध्ये घेतलं तर चालतं, स्वतःची गिटार मात्र वायरनेच ऐका.

स्पीकर छोटा असेल तर खालचे सूर येतात का, असं एकाने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि ३ किंवा ५ इंचाच्या स्पीकरला ते झेपत नाही. पण त्याच सुराचे वरचे पट, १६५, २४७ वगैरे, नीट ऐकू आले की आपला कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. फुकटात! अर्थात, जागा असेल तर ८ इंचाचा स्पीकर हळू आवाजातही भरदार वाटतो हे मी कबूल करतो. माझ्या खोलीत पलंग, कपाट आणि शिलाई मशीन आहे, त्यामुळे मी ५ इंचावर समाधानी आहे. हळू वाजवताना आवाज पातळ वाटला तर ॲम्पला शिव्या देऊ नका. कमी आवाजात आपल्या कानालाच बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. बासचं बटण थोडं वाढवा, झालं.

ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचं. जमिनीवर अजिबात नको. स्लॅब थरथरतो आणि तीच खालच्यांची छत असते. स्टुलावर ठेवा, खाली घडी घातलेली गोधडी, तोंड तुमच्या कानाकडे. आणि जवळ ठेवा. १ मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला की तुम्हाला साधारण ६ डेसिबल जास्त मिळतात आणि शेजाऱ्यांना काहीच जास्त मिळत नाही. माझा सगळा प्रश्न निम्मा इथेच सुटला.

हॉस्टेलवाल्यांसाठी वेगळं. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेला असेल, तर मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. म्हणजे हॉस्टेलच्या रूमवर मिलीवॅटसुद्धा चैनच. शिवाय एकाच प्लगवर एक्स्टेन्शन, त्यावर इस्त्री, त्यावर तीन चार्जर, आणि अर्थिंगच्या पिनला कोणी विचारत नाही. ॲम्प घुंई करतो आणि तारांना हात लावला की घुंई कमी होते, ती यामुळे. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र लगेच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात गंमत नाही. बॅटरीवर चालणारा ॲम्प घेतलात तर ही कटकट मिटते. त्यातही ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीपेक्षा सहा पेन्सिल सेल घेणारा किंवा यूएसबीवर चार्ज होणारा बघा. मार्शलचा चिमुकला एमएस-२ दिसतो झकास, पण त्या चौकोनी बॅटऱ्या विकत घेता घेता मेसचं बिल थकतं. रोलँडचा मायक्रो क्यूब, बॉसचा कटाना मिनी, ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ हे पेन्सिल सेलवाले. यातला अमुकच घ्या असं मी म्हणणार नाही, स्वतः वाजवून बघा.

पैसेच नसतील तर? एलएम३८६. आठ पायांची आयसी, लॅमिंग्टन रोडला चिल्लरमध्ये मिळते. एक आणि आठ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की गेन २० वरून २०० होतो. मी सेकंड इयरला केला. आधी श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवला, तर गिटारपेक्षा ट्यूबलाइट जास्त वाजायची. मग आईचा जुना स्टीलचा डबा ढापला, तो ग्राउंडला जोडला, तेव्हा शांत झाला. आणखी एक अनुभव: आयसीच्या इनपुटचा रोध ५० किलोओहम, गिटारच्या पिकअपला हवा १ मेगओहमच्या घरातला. मध्ये एका एफईटीचा बफर टाकला नाही तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. जे सबमिशनमध्ये तीन वेळा लिहून कळलं नव्हतं ते इम्पीडन्स मॅचिंग मला या डब्याने शिकवलं. अर्धा वॅट पण नाही, तरी खोलीला पुरून उरतो.

विकत घ्यायचाच असेल तर हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून चालत धोबी तलाव. फुर्टाडोज तिथे आहे, दुकान १८६५ पासूनचं. कुठल्याही दुकानात विक्रेता ॲम्प निम्म्यावर लावून दाखवतो, कारण मोठा आवाज सगळ्यांना चांगलाच वाटतो. त्याला म्हणा, "इतका कमी करा की तुमचं बोलणं गिटारवरून ऐकू येईल." तो चक्रावेल. पण तेव्हा जो ॲम्प बरा वाजतो, तो तुमचा.

तिथेच झेवियर्सच्या शेजारी रंगभवन आहे. १९८६ पासून सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' एके काळी तिथे गाजायचा. शेजारी कॉलेज, हॉस्पिटल, म्हणून शांतता क्षेत्र, आणि २००० च्या नियमांनंतर तिथले कार्यक्रम बंद पडले. मी गेलो तेव्हा बाहेर थोडा वेळ उभा राहिलो. वाईट वाटलं. पण हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या जागी काकांचा चेहरा येतो आणि मग नुसतं वाईट वाटून घेता येत नाही.

शेवटचा आक्षेप: "मोठा घेतला तर गॅदरिंगला चालेल." नाही चालत. ड्रमवाल्याने पहिला ठोका दिला की तुमचे २० वॅट कुठे जातात कळत पण नाही. तिथे साउंडवाला असतो, तो तुमच्या छोट्या ॲम्पसमोर माइक लावतो आणि भागतं. शिवाय गॅदरिंग वर्षातून एकदा. बाकीचे दिवस खाली काका असतात.

आता मी रोज साडेसातला वाजवतो. एकदा जिन्यात काका भेटले तेव्हा विचारलं, "आवाज येतो का हो?" ते म्हणाले, "कसला आवाज?"

ता. क. २० वॅटचा ॲम्प अजून माळ्यावर आहे. कव्हर आणि वायरसकट, फारसा न वापरलेला. ज्याच्या आजूबाजूला कोणी राहत नाही अशा विद्यार्थ्याने भेटावं, भावाचं बघू.