मुस्तफा नेमका कोण होता?



या खेपेला विषय जरा वेगळा आहे. आई-वडिलांनी लगेच नाक मुरडू नये. विषय आहे व्हिडिओ गेम आणि त्या गेममधला एक माणूस. नाव मुस्तफा. १९९० नंतरची दहा वर्षे ज्यांचे बालपण मुंबईच्या चाळीत किंवा झोपडपट्टीतल्या गेमच्या दुकानासमोर गेले, त्यांना मुस्तफा कोण हे सांगावे लागत नाही. आज ती पोरे चाळिशीत आली, बाप झाली, तरी नाव काढले की त्यांचा चेहरा खुलतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा खेळ काढला. कपाटाएवढे यंत्र, पुढे पडदा, खाली दांडी आणि बटणे. नाणे टाकायचे आणि चौघांपैकी एक माणूस निवडायचा. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस असे ते चौघे. कथा भविष्यकाळातली. चोरटे शिकारी जनावरे मारत सुटलेले असतात आणि हे चौघे त्यांना आडवे येतात. कंपनीच्या लेखी नायक होता जॅक, गोरा आणि मोटारवाला. पण आपल्या पोरांनी तिसऱ्याला उचलले. पिवळी टोपी, काळा वर्ण, धावत येऊन हवेतून लाथ घालणारा मुस्तफा! खेळाचे लांबलचक इंग्रजी नाव कुणी वाचलेच नाही. खेळालाच 'मुस्तफा' म्हणू लागले. 'चल, मुस्तफा खेळू.'

आता हा मुस्तफा आमच्या माणदेशात कसा आला, ते सांगण्यासारखे आहे. आमचा मुलूख दुष्काळी. बाजरी, मेंढरे, छावणी, टँकर आणि उरलेली माणसे मुंबईला. दहिवडी, म्हसवड, आटपाडी या भागातल्या बौद्ध वस्त्यांत मुंबईला माणूस नाही असे घर शोधावे लागेल. मे महिन्यात मुंबईची पोरे गावी यायची. यंत्र काही बरोबर आणता येत नव्हते. म्हणून मुस्तफा आमच्याकडे आधी गोष्ट म्हणून आला. रात्री विहाराच्या पायरीवर मुंबईचा पोरगा हातवारे करून लाथ दाखवायचा आणि गावची दहा पोरे तोंडाचा आ वासून ऐकायची. ज्यांनी पडदा पाहिलाच नव्हता, तीच जास्त प्रश्न विचारायची. हा मुस्तफा मूळचा कुठला? काय काम करतो? या गोऱ्या माणसाबरोबर कशाला फिरतो?

खेळाबरोबर पुस्तक नव्हते, सांगणारा कुणी नव्हता. तेव्हा पोरांनी आपापले अंदाज बांधले. आमच्या कानावर आलेले चार सांगतो. पहिला, नावावरून मुसलमान आहे, अरबस्तानातून आला असणार. दुसरा, तो जॅकचा ड्रायव्हर, कारण मोटार जॅकची. तिसरा, तो कुठल्यातरी भागातला दादा आहे. चौथा अंदाज एका दहावीतल्या पोराचा. तो म्हणाला, हा अमेरिकेतला बॉक्सर असणार आणि मोहंमद अलीसारखे त्याने नाव बदलले असणार. त्या पोराने वाचले होते की कॅशियस क्ले या मुष्टियोद्ध्याने १९६४ साली जुने नाव गुलामीचे म्हणून टाकून दिले. ज्याच्या आजोबांनी १९५६ नंतर धर्म बदलला, त्याला ही गोष्ट बरोबर सुचली.

खरे काय ते बऱ्याच वर्षांनी कळले. हा खेळ मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवरून घेतलेला आहे. ती चित्रकथा १९८७ साली सुरू झाली. तिच्यात मुस्तफा कैरो हा इंजिनिअर आहे. ड्रायव्हर नाही, नोकर नाही, दादा नाही. जॅकचा मित्र आणि यंत्र जाणणारा इंजिनिअर!

चारही अंदाज चुकले, याचे आम्हाला काही वाटत नाही. अंदाज चुकतातच. पण इंजिनिअर हा अंदाज एकाही पोराने का केला नाही, ही गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. त्यात आमची स्वतःची पोरेही आली, ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा कोटातला फोटो भिंतीवर होता. काळा माणूस दिसला की हात आधी ड्रायव्हरकडे जातो. ही सवय वरच्या आळीतून आली म्हणावी, तर ती आपल्या विहाराच्या पायरीपर्यंत कशी पोहोचली?

असाच प्रकार दुसऱ्या एका खेळात साऱ्या जगाचा झाला. निन्टेंडो कंपनीच्या १९८६ सालच्या 'मेट्रॉइड' या खेळात सॅमस नावाचा योद्धा आहे. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत. सगळे त्याला पुरुष समजून खेळले. ज्याने खेळ लवकर संपवला, त्याला शेवटी शिरस्त्राण काढून दाखवले, तर ती बाई! चिलखतावर 'पुरुष' असे कुठेही लिहिलेले नव्हते. ते पाहणाऱ्याने आपल्या मनाने लिहिले होते.

काही वेळा तर शोधायला माणूसच नसतो. 'स्ट्रीट फायटर २' या १९९१ च्या खेळात र्‍यू नावाचा लढवय्या जिंकल्यावर एक वाक्य बोलतो. मूळ जपानी वाक्य त्याच्या ठोशाविषयी होते. चढत्या ड्रॅगनचा ठोसा. इंग्रजीत आणताना भाषांतर फसले आणि त्या ठोशाचा 'शेंग लाँग' नावाचा माणूस झाला. झाले! हा शेंग लाँग कोण? गुरू की शत्रू? कुठे लपला आहे? एका अमेरिकन मासिकाने एप्रिल १९९२ च्या अंकात एप्रिल फूल म्हणून त्याला भेटण्याची अवघड युक्ती छापली आणि ठिकठिकाणच्या पोरांनी त्यापायी नाणी घातली. त्यानंतर 'मॉर्टल कॉम्बॅट' आला, १९९२ साली. त्याच्या यंत्रात मालकाला हिशेब दिसावा म्हणून एक पान होते आणि त्यात 'एरमॅक्स' अशी एक ओळ होती. अर्थ इतकाच की यंत्रातल्या चुकांची मोजदाद. पण पोरांनी ठरवले, हा लाल कपड्यातला गुप्त योद्धा आहे. अफवा इतकी वाढली की १९९५ साली कंपनीने खरोखरच एरमॅक नावाचा लाल योद्धा खेळात आणून उभा केला.

आमच्या वाचकांना हे नवीन वाटू नये. रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड, त्याला कुणी शेंदूर फासला, दुसऱ्याने नारळ फोडला आणि तिसऱ्या वर्षी जत्रा भरली, हे आपण या मुलखात पाहात आलो आहोत. फरक एवढाच की एरमॅकचा मूळ दगड कुठला, हे पोरांनी खणून काढले आणि उघडपणे सांगितले. जत्रेत तसे विचारून पाहा.

म्हणूनच पोर मोबाईलवर डोके घालून 'हा मुखवट्यातला कोण असेल' याचा खल करते, तेव्हा ते पोर वाया चालले असे आम्ही मानत नाही. डोळे, अभ्यास आणि पैसे यांची काळजी आई-बापांनी करावीच. पण तो खल हे बुद्धीचे काम आहे. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी हेच सांगितले की कुणी सांगितले म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. पोर पुरावा गोळा करते, दुसऱ्याचा पुरावा खोडते, आपला मोडला तर नवा बांधते. शाळेत हे किती वेळा होते?

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. गेममधल्या पात्राशी त्याची तुलना कुणाला खटकेल, आणि ते खटकणे आम्हाला मान्य आहे. पण पद्धत पाहावी. पुरावे फार थोडे, कड्या तुटलेल्या. तिथे काय करायचे, याचा खुलासा त्यांनी प्रस्तावनेतच केला. साखळीतल्या हरवलेल्या कड्या तर्काने आणि कल्पनेने जोडाव्या लागतात, पण आधार वास्तवाचा हवा. आपला सिद्धांत शेवटचा शब्द आहे, असा दावा त्यांनी केला नाही. टोळीपासून तुटलेली माणसे गावाबाहेर राहिली, ती बौद्ध होती, गोमांसाच्या प्रश्नावरून त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली आणि हे साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास घडले, इथपर्यंत त्यांनी टप्प्याटप्प्याने नेले आणि टीकाकारांना तपासायला सांगितले. 'आम्ही कोण होतो' हा प्रश्न त्यांनी दुसऱ्याच्या हाती राहू दिला नाही.

आता हे सगळे आज का लिहितो आहोत, ते सांगतो. म्हसवडकडच्या एका ताईंनी आम्हाला गाठून आपल्या मुलाची गोष्ट सांगितली. मुलगा नववीत. मोबाईलवर चार-पाच जणांच्या टोळीत खेळतो. कोण कुठला, कुणाला ठाऊक नाही. खेळातली नावे खोटी, चेहरे खोटे, फक्त आवाज खरा. पोरगा खेळात हुशार, म्हणून बाकीच्यांना कुतूहल. हा नेमका कोण? त्यांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. बोलण्यावरून सातारकडचा. कोंबडा आरवतो म्हणून खेड्यातला. आणि एके दिवशी पाठीमागे घरात भीमगीत लागले होते, तेवढ्यात दारात आलेल्या पाहुण्यांनी मोठ्याने जयभीम घातला. पलीकडे क्षणभर शांतता. मग एकाने विचारले, 'पूर्ण नाव काय रे तुझं?' मग हसणे. शिवी कुणी दिली नाही. दोन दिवसांनी टोळीत जागा नाही, असे सांगितले.

पुरावे गोळा करण्याची रीत तीच, पाहा. पण मुस्तफाचा शोध घेणारी पोरे त्याच्याजवळ जायला निघाली होती आणि ही पोरे लांब जायला. भाड्याने खोली मागताना, नवीन कारखान्यात पहिल्या दिवशी डबा उघडताना, 'आडनाव काय म्हणालात?' हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. गाव कोणते, गावात कुठल्या बाजूला, पाव्हणे कुठले. तीन प्रश्नांत माणूस शोधून काढतात.

पण ताईंना टोळीचे दुःख नव्हते. त्या म्हणाल्या, 'दादा, आता खेळायला बसला की म्हणतो, आई, गाणं बारीक कर. काय सांगू त्याला?'

आम्ही त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. पोराला रागावू नका. खेळातले नाव खोटे ठेवणे यात भित्रेपणा नाही, तिथे सगळेच मुखवटा घालतात आणि अनोळखी माणसाला पूर्ण नाव, गाव, शाळा सांगूच नये, ही साधी सावधगिरी आहे. जातीवरून कुणी शिवी दिली, धमकी दिली, तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि घरच्या मोठ्यांना दाखवा, हेही त्याला सांगा. पण गाणे बारीक करू नका. घर तुमचे आहे. त्याला वाटले तर त्याने खेळताना आपला आवाज बंद ठेवावा, त्याचे बटण असते. आणि एखाद्या संध्याकाळी त्याला आटपाडीच्या शंकरराव खरातांविषयी सांगा. याच माणदेशातले. मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढी पदे मिळवणाऱ्या माणसाला गावकीची ओळख झाकून टाकायला सोपे होते. त्यांनी आत्मकथेचे नाव ठेवले 'तराळ-अंतराळ'. बलुत्याच्या कामाचा तो शब्द त्यांनी मुखपृष्ठावर ठसठशीत छापून घेतला, पण केव्हा आणि कसा, ते स्वतः ठरवून. पोरालाही ते ठरवू द्या. नववीतल्या पोराला आज रात्रीच शूर व्हायला सांगू नका.

ताई गेल्या. मुलाने पुढे काय केले ते अजून कळलेले नाही.

आमच्या वस्तीत मात्र एक गोष्ट सुरू केली आहे, ज्यांना पटेल त्यांनी करून पाहावी. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर मुले विहारात अर्धा तास बसतात. एकाने कुठल्याही खेळातल्या, सिनेमातल्या किंवा गावातल्या गूढ माणसाविषयी आपला अंदाज मांडायचा, बाकीच्यांनी पुरावा मागायचा. एक मुलगी वहीत लिहून घेते. पात्राची जात, रंग किंवा बाई-पुरुष यावरून अंदाज केला तर तो अंदाज बाद, असा नियम मुलांनीच केला.

मागच्या खेपेला सातवीतल्या एका मुलीने 'हाफ-लाइफ' या १९९८ सालच्या खेळातला जी-मॅन घेतला. पनवेलला मामाच्या कॉम्प्युटरवर तिने तो पाहिला होता. सुटाबुटातला माणूस, हातात बॅग, लांब उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो आणि जवळ जावे तर नाहीसा होतो. बनवणाऱ्यांनी तो कोण हे सांगितलेले नाही. काही खेळाडू म्हणतात, तो नायकच आहे, भविष्यातून म्हातारा होऊन परत आलेला. मुलीला ते पटले नाही. म्हातारपणी माणूस स्वतःलाच संकटात कशाला लोटेल, असे तिचे म्हणणे. एक पोरगा म्हणाला, तो सरकारी माणूस आहे. दुसरा म्हणाला, परग्रहावरचा. मागे भिंतीला टेकून बसलेले सत्तरीचे आजोबा बराच वेळ ऐकत होते. त्यांनी विचारले, 'चांगले कपडे, हातात बॅग, काम काही करत नाही, लांबून बघतो आणि वेळेवर बरोबर हजर होतो?'

मुलगी म्हणाली, 'हो आजोबा.'

'मग त्यात काय गूढ? सावकाराचा माणूस आहे तो.'

मुले हसली. पण वहीवाल्या मुलीने पुरावा विचारला. आजोबांनी १९७२ च्या दुष्काळातला एक प्रसंग सांगितला आणि तिने तो अंदाज चौथ्या क्रमांकावर लिहून घेतला.