फवाऱ्याखालचे शिकारी

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या आसपासचा कोणताही कास्तकार पाच-सात कीटकनाशकांची नावं एका दमात सांगेल. त्याच्याच कापसाच्या पऱ्हाटीत फुकट राबणाऱ्या कोळ्यांपैकी एकाचंही नाव त्याला येत नाही. दोष एकट्या त्याचा नाही. त्याला शिकवणारी शाळा, उधारीवर माल देणारं कृषी केंद्र आणि कापसावर मोठी झालेली आपली बाजारपेठ, सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडी बाटल्यांची नावं बसवली.

कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं. जाळं न विणता शिकार करणारे कोळी आपल्या खिजगणतीतही नाहीत, आणि शेतात खरं काम त्यांचंच. अंधार पडल्यावर बॅटरी कपाळाशी धरून धुऱ्यावर उभे राहा. काळ्या मातीवर हिरवट ठिपके लकाकतील. ते लांडगा कोळ्याचे डोळे. पायांवरच्या बारीक केसांना जमिनीची थरथर कळते, की हा धावून झडप घालतो. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते. पिल्लं निघाली की सगळी पाठीवर.

वर पानांवर लिंक्स कोळी असतो. पायांना काटेच काटे. तुडतुडा टप्प्यात आला की झेप घेतो आणि काटेरी पायांच्या पिंजऱ्यात त्याला कोंडतो. खेकडा कोळी तेवढेही कष्ट घेत नाही. फुलात पुढचे पाय पसरून बसायचं, आलेल्या माशीला धरायचं. मधमाशीही सोडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो काही आपला नोकर नाही.

उडी मारणारा कोळी मात्र पाहण्यासारखा. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे, त्यांनी तो अंतर जोखतो. पाय ताणायला काही सांध्यांत त्याला स्नायूच नाहीत. अंगातल्या द्रवाचा दाब पायांत सोडून तो उडतो. त्याआधी मागे रेशमाचा एक धागा चिकटवून ठेवतो, नेम चुकला तर त्याच धाग्यावर लोंबकळतो. आपल्या राज्यात सापडलेल्या अशाच एका जातीला शास्त्रज्ञांनी २०२१ साली ‘आयशियस तुकारामी’ नाव दिलं. मुंबईवरच्या हल्ल्यात हातात रायफल नसताना कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं ते नाव. वऱ्हाडात दर्यापूरच्या महाविद्यालयात कोळ्यांचा अभ्यास चालतो. पण ते ज्ञान बांधापर्यंत पोचवायची कुणाला गरज वाटते?

बांधावर पोचते ती ‘कातीण मुतली’ ही समजूत. अंगावर फोड उठले की दोष कोळ्यावर. ते फोड बहुतेकदा नागिणीचे, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचे असतात, नाहीतर अंगावर चिरडलेल्या एखाद्या किड्याच्या रसाचे. शिकलेली माणसंही लेप लावून घेतात आणि घरातला कोळी झाडूने चेचतात.

शेतात झाडूच्या जागी पंप येतो. पऱ्हाटी गुडघ्याला लागत नाही तोच, कीड मोजल्याशिवाय पहिला फवारा. तुडतुडे, मावा मरतात, त्यांच्यासोबत शिकारीही. किडीची पिढी थोड्या दिवसांत पुन्हा उभी राहते, कोळ्याची राहत नाही. मोकळ्या रानात पांढरी माशी मातते, मग दुसरी बाटली, मग दोन बाटल्यांचं मिश्रण. बोंडात शिरलेली गुलाबी अळी कोळ्याच्या हाती लागत नाही, हे खरं. पण तिचं निमित्त करून पहिल्या महिन्यापासून विष ओतणं हा अडाणीपणा आहे, आणि त्या अडाणीपणावर दुकानं चालतात.

हा वर्धा जिल्हा गांधींच्या सेवाग्रामचा आणि विनोबांच्या पवनारचा. २ ऑक्टोबरला खादी घालून आपण अहिंसेवर बोलतो. त्या खादीचा कापूस कशाच्या फवाऱ्यात वाढला, हे विचारत नाही.

आणि पंप कुणाच्या पाठीवर असतो? बहुतेकदा भूमिहीन मजुराच्या. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हा आपण काय म्हणालो? मास्क घातला नव्हता, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारलं, बाटलीवरची सूचना वाचली नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाने बारीक छपाई वाचायला हवी होती! ती छापणाऱ्याला, बाटली विकणाऱ्याला, रोजी देऊन त्याला डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत पाठवणाऱ्याला जाब आपण त्या जोराने विचारला नाही. मेलेल्याला दोष देणं स्वस्त पडतं. हा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने भरलेल्या पंपासह, हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचा डगला चढवून, ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत एकदा पऱ्हाटीत फिरून दाखवावं.