विश्लेषण : एकाच महापालिकेत निवृत्तीचे तीन हिशेब का? पिंपरी-चिंचवडमध्ये पेन्शनचा प्रश्न कुठे अडतो?

थेरगावात सकाळी सहाला रस्ता झाडणारी महिला, दुपारी 'ग' क्षेत्रीय कार्यालयात बसलेला लिपिक आणि महापालिकेच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका हे तिघेही नागरिकांच्या लेखी 'महापालिकेचे' असतात. मात्र परिचारिका १९९८ मध्ये कायम झालेली असेल, लिपिक २०१२ मध्ये लागला असेल आणि झाडणारी महिला ठेकेदाराकडून आली असेल, तर निवृत्तीच्या दिवशी तिघांच्या हातात पडणारी रक्कम पूर्णपणे वेगळी असते. काम, अनुभव किंवा हुद्दा यापेक्षा नेमणुकीची तारीख आणि नेमणुकीच्या पत्रावरची सही या दोन गोष्टींवर ती ठरते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गेली काही वर्षे राज्यभर ऐकू येते. प्रत्यक्षात ती या तिघांपैकी एकाचाच प्रश्न मांडते.

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख एवढी महत्त्वाची का?

राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी शासन निर्णय काढला. त्यानुसार १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतन योजनेऐवजी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भाषेत 'डीसीपीएस', लागू झाली. केंद्राने हा बदल १ जानेवारी २००४ पासूनच केला होता. पुढे राज्याची योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे 'एनपीएस'मध्ये, गेली.

जुन्या योजनेत पेन्शनसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीच कापले जात नाही. आवश्यक सेवा पूर्ण असेल तर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता आयुष्यभर मिळतो. नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के कापले जातात आणि नियोक्ता आपला हिस्सा भरतो. हा हिस्सा आधी १० टक्के होता, एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाला. पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते, उरलेली रक्कम हातात येते. म्हणजे जुन्या योजनेत पेन्शन किती हे आधीच ठरलेले असते, नव्या योजनेत फक्त कपात किती हे ठरलेले असते.

रुपयांत फरक किती पडतो?

समजा, निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ६० हजार रुपये आहे. जुन्या योजनेत पेन्शन ३० हजार. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर महिन्याला ४५ हजार आणि पुढे भत्ता वाढेल तसे जास्त.

नव्या योजनेत खात्यात ४० लाख जमा झाले असे धरू. त्यातल्या १६ लाखांची वार्षिकी सहा टक्क्यांनी घेतली तर वर्षाला ९६ हजार, म्हणजे महिन्याला ८ हजार रुपये. आंदोलनाच्या फलकांवर बहुतेक वेळा हाच आकडा झळकतो. तो खरा आहे, पण अर्धा आहे. हातात आलेले २४ लाख बँकेत त्याच दराने ठेवले तर महिन्याला आणखी १२ हजार येतात आणि मुद्दल शिल्लक राहते. एकूण झाले २० हजार. तरीही ४५ हजार आणि २० हजार यांतली दरी मोठीच आहे. त्यातून १० वर्षांनी ४५ हजारांचे आणखी वाढलेले असतील आणि २० हजार तिथेच असतील. निवृत्तांचा खरा धाक महागाईचा असतो आणि तिथेच नवी योजना उघडी पडते. (ही आकडेमोड फक्त समजण्यापुरती आहे. प्रत्यक्ष जमा रक्कम सेवेची वर्षे, वेतनश्रेणी आणि बाजार यांवर ठरते.)

२०२३ च्या संपानंतर काय बदलले?

१४ मार्च २०२३ रोजी राज्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. २० मार्चला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर संप मागे घेतला गेला. सरकारने सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली.

त्यानंतर चार गोष्टी घडल्या. यातील पहिलीची चर्चा सर्वांत कमी झाली, पण घरांवर तिचा परिणाम मोठा आहे. ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने नव्या योजनेतील राज्य कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळण्याची सोय झाली. तोपर्यंत २००५ नंतर लागलेला कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर त्याच्या घरच्यांना जुन्या सहकाऱ्याच्या घरच्यांसारखा महिन्याचा आधार नव्हता.

दुसरी गोष्ट जानेवारी २०२४ ची. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण रुजू होणे नंतर झाले, अशा सुमारे २६ हजार राज्य कर्मचाऱ्यांना जुनी योजना निवडण्याची संधी मंत्रिमंडळाने दिली. १ मार्च २०२४ रोजी विधिमंडळात सुधारित योजना जाहीर झाली. तिच्यात शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता आणि त्या रकमेच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आहे. त्यानंतर केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे 'यूपीएस', मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली.

'यूपीएस' म्हणजे जुनी पेन्शनच का?

नाही. २५ वर्षे सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम मिळते. सेवा कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात घटते. १० वर्षे सेवा असल्यास किमान १० हजार रुपयांची हमी आहे. महागाईची जोड आहे, म्हणजे सर्वांत मोठा धाक कमी होतो. पण पगारातली १० टक्के कपात सुरूच राहते आणि एनपीएसमध्ये निवृत्तीला हातात येणारी मोठी रक्कम इथे तशी मिळत नाही. सेवेच्या प्रत्येक सहा महिन्यांमागे मासिक वेतनाचा दहावा हिस्सा एवढीच एकरकमी रक्कम मिळते. उशिरा नोकरीला लागलेल्यांची २५ वर्षे भरत नाहीत, हाही मुद्दा आहे.

मग राज्याचा निर्णय झाला की महापालिकेतही झाला, असे नाही का?

थेरगावच्या लिपिकाचे घोडे इथेच अडते. महापालिका कर्मचारी हा राज्य शासनाचा कर्मचारी नाही. त्याचा पगार आणि पेन्शन महापालिकेच्या तिजोरीतून जाते. वित्त विभागाने काढलेला शासन निर्णय ज्यांचा उल्लेख करतो त्यांनाच लागू होतो. महापालिकांसाठी नगरविकास विभागाचा वेगळा आदेश किंवा मान्यता आणि त्यानंतर महापालिकेचा स्वतःचा ठराव लागतो.

सातवा वेतन आयोग हे याचे ताजे उदाहरण. राज्य कर्मचाऱ्यांना तो जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष मिळाला. महापालिका आणि नगरपालिकांसाठीचा आदेश त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाला. त्यानंतर प्रत्येक महापालिकेने आपापल्या वेगाने अंमलबजावणी केली. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा, ही अट शासन अशा वेळी पुढे करते. पेन्शनचा प्रत्येक नवा लाभ याच वाटेने येतो. मंत्रालयातून मोबाइलवर बातमी येते त्या दिवशी पेढे वाटले जातात आणि मग पुढचे कित्येक महिने 'आपल्याला लागू झाले का?' हा एकच प्रश्न राहतो.

श्रीमंत महापालिकेला एवढा विचार का करावा लागतो?

पिंपरी-चिंचवड महापालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली. शहर वाढले तशी ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठी भरती झाली. ती पिढी आता निवृत्त होत आहे आणि ती जुन्या योजनेत आहे. २००५ मध्ये दार बंद झाले तरी आत असलेल्यांचा खर्च थांबलेला नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये विशीत लागलेला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०४३ च्या आसपास निवृत्त होईल आणि त्यापुढे त्याचे व कुटुंबाचे निवृत्तिवेतन सुरू राहील. त्याच वेळी नव्यांच्या खात्यात १४ टक्के दरमहा भरायचे आहेत. म्हणजे आजची तिजोरी कालच्यांची पेन्शन आणि उद्याच्यांची शिल्लक अशी दोन्ही ओझी एकाच वेळी उचलते.

तिजोरी भरण्याची पद्धतही बदलली आहे. भोसरी-पिंपरीच्या कारखानदारीमुळे या महापालिकेची जकात हा एकेकाळी राज्यात हेव्याचा विषय होता. एप्रिल २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, जुलै २०१७ मध्ये जीएसटी. आता राज्याकडून भरपाई येते आणि ती कायद्यानुसार वर्षाला आठ टक्क्यांनी वाढते. खात्रीचा पैसा आहे, पण नाका महापालिकेच्या हातात राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ च्या अहवालात जुन्या योजनेकडे परतणाऱ्या राज्यांना दिलेला इशारा याच दीर्घ ओझ्याबद्दल होता. राजस्थानने २०२२ मध्ये जुनी योजना परत आणली तेव्हा एनपीएसमध्ये आधीच जमा झालेले पैसे परत मिळण्याची तरतूदच नाही, असे केंद्राने स्पष्ट केले होते.

म्हणून महापालिकेने नकार द्यावा का? तसे नाही. अंदाजपत्रकात पेन्शनच्या दायित्वाचा पुढच्या २० वर्षांचा हिशेब मांडला, तर चर्चा घोषणांऐवजी आकड्यांवर होईल. आजवर या चर्चेत कर्मचाऱ्यांकडे भावना आणि प्रशासनाकडे 'निधी नाही' एवढेच उत्तर दिसते.

आरोग्याचा प्रश्न यात कुठे येतो?

निवृत्तांशी बोलताना पेन्शनइतकाच औषधपाण्याचा विषय निघतो. महापालिकेची कर्मचाऱ्यांसाठीची 'धन्वंतरी स्वास्थ्य योजना' २०१५ पासूनची. कर्मचाऱ्यांची वर्गणी आणि महापालिकेचा हिस्सा यांतून उपचारांचा खर्च भागतो. ती बदलून विमा कंपनीमार्फत संरक्षण देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा कर्मचारी महासंघाने विरोध केला. प्रशासनाच्या दृष्टीने विम्याचा हप्ता ठरलेला असतो, खर्च आटोक्यात राहतो. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने विमा म्हणजे मर्यादा, वगळलेले आजार आणि दावा फेटाळला जाण्याची शक्यता. पेन्शनमधला आणि इथला वाद एकाच जातीचा आहे. अनिश्चितता महापालिकेने सोसायची की कर्मचाऱ्याने?

आणि ठेकेदाराकडची महिला?

तिचा हिशेब सर्वांत छोटा आणि म्हणूनच सर्वांत कमी चर्चेतला. तिला जुनी, नवी, एकीकृत यांपैकी काहीच नाही. भविष्य निर्वाह निधी आणि त्याला जोडलेली 'ईपीएस-९५' पेन्शन एवढाच तिचा आधार. या पेन्शनचे सूत्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, आणि पगाराची मर्यादा १५ हजार. सलग १५ वर्षे काम केले तर पेन्शन येते महिन्याला ३ हजार २१४ रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपयांवरच आहे.

तेवढी मिळण्यासाठीही किमान १० वर्षांची सेवा लागते. ठेका दर काही वर्षांनी बदलतो, माणसे आणि रस्ता तेच राहतात. नव्या ठेकेदाराने जुना यूएएन क्रमांक न वापरता नवे खाते काढले, किंवा मधले महिने भरलेच नाहीत, तर कागदावर सेवा तुटते. १२ वर्षे तोच रस्ता झाडूनही नोंद पाच-सहा वर्षांचीच दिसू शकते. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ नियोक्त्यावर, म्हणजे महापालिकेवर, जबाबदारी येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही हे तत्त्व कायम आहे. पण त्यासाठी बिल मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक कामगाराच्या खात्यात भरणा झाला का, हे कुणीतरी पाहायला हवे. फक्त एकत्रित चलन जोडलेले पाहून सही झाली तर ती जबाबदारी कागदावरच राहते.

कायम होण्याचा मार्ग लांबचा आहे. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयातून एप्रिल २०१७ मध्ये आला, तो वर्षानुवर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर.

कर्मचाऱ्यांनी आत्ता काय तपासावे?

एनपीएसमधील कर्मचाऱ्याने आपल्या 'प्रान' खात्याचे विवरण उघडून नियोक्त्याचे १४ टक्के दरमहा जमा होतात का, महिने सुटले आहेत का आणि वारसाचे नाव बरोबर आहे का, हे पाहावे. लग्नापूर्वी भरलेले नामनिर्देशन बदलायचे राहून जाणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. २००५-०६ च्या सुमारास लागलेल्यांनी भरतीच्या जाहिरातीची तारीख, निवड यादी आणि नेमणूक आदेश यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. जाहिरातीच्या निकषाचा लाभ महापालिकेत आला तर पुरावा याच कागदांचा लागेल. कंत्राटी कामगारांनी ईपीएफओचे पासबुक 'उमंग' ॲपवर पाहावे आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर ती एकाच यूएएनखाली आणण्यासाठी अर्ज करावा.

पुढे काय?

१३ मार्च २०२२ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये प्रशासक राज होते. संपाचा काळ, समिती, सुधारित योजना, धन्वंतरीचा वाद हे सगळे नगरसेवक नसताना घडले आणि सर्वसाधारण सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच होते. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर सभागृह परत आले आहे. पेन्शन योजनेचा विकल्प, आरोग्य योजनेचे स्वरूप आणि ठेक्यांच्या अटी हे विषय आता सभेच्या कार्यपत्रिकेवर येऊ शकतात. आठव्या वेतन आयोगाचे कामही केंद्रात सुरू आहे. मूळ वेतन वाढले की निम्म्या वेतनाची पेन्शनही वाढेल आणि ३५ टक्क्यांची अट पुन्हा पुढे येईल. झाडणाऱ्या महिलेच्या बाबतीत मात्र सर्वांत आधी पाहायची गोष्ट साधी आहे. सफाईच्या पुढच्या निविदेत कामगारनिहाय भविष्य निर्वाह निधीचा पुरावा दिल्याशिवाय बिल निघणार नाही, ही अट असेल का, आणि असली तर ती पाळली जाईल का.