पुड्यामागचं वाचता, मग गाण्याचं का नाही?



आपल्या भाईंदरच्या ग्रुपांवर सध्या ‘बाळाची बुद्धी वाढवणारं’ बॅले संगीत फिरतंय. उघडलं तर काय, चायकॉव्हस्कीची धून, पण कीबोर्डवर टिंगटिंग वाजवलेली, वर कार्टून. बुद्धीचं तर सोडाच. १९९३ चा तो गाजलेला प्रयोग मोझार्टच्या संगीताचा, तोही कॉलेजच्या मुलांवर, आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटं!

कांदा-लसूण नाही ना म्हणून बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचणाऱ्या आपण, मुलांच्या कानात काय जातंय ते बघतच नाही. ऑर्केस्ट्राचं नि कंडक्टरचं नाव दिलेलं नसेल तर लावू नका.

‘नटक्रॅकर’ (१८९२) पूर्ण लावलं तर दीड तास, कोणतं लेकरू बसेल? त्याचा ‘सूट’ घ्या. आठ छोटे तुकडे, वीस-पंचवीस मिनिटं. त्यातल्या साखरपरीच्या नाचात चेलेस्टा वाजतो, पोलादी पट्ट्यांवर इवल्या हातोड्या पडतात. हे वाद्य चायकॉव्हस्कीला पॅरिसमध्ये सापडलं. कीबोर्डमध्ये नेमका तोच आवाज मरतो.

“परक्यांचं कशाला, स्तवन लाव ना!” स्तवन हवंच, रोज हवं. पण सिनेमाच्या चालींवर स्तवनं बसवणाऱ्यांनी तरी हे मला ऐकवू नये.

चोविहारानंतर फोन पालथा ठेवून, हळू आवाजात लावा. ‘स्वान लेक’चा शेवट मात्र अजून नको, त्या गडगडाटाला तीन वर्षांचं मूल दचकतं.