पडद्यावरचा आडोसा आणि नवेगावचे रान

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच्या दोनच महिने आधी संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि, एक सशस्त्र संघर्ष पूर्व विदर्भाच्या जंगलातून ओसरत असताना शहरी तरुणांची लढाईविषयीची कल्पना मात्र व्हिडिओ गेमच्या पडद्यावर घडते आहे. ती कल्पना कितपत खरी आहे, याचा विचार यानिमित्ताने व्हायला हवा.

नेमबाजीच्या आजच्या खेळांचा पाया ‘कव्हर’ म्हणजे आडोसा हा आहे. त्याचा इतिहास जुना आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खेळाडूच्या डोक्यावर चार बुरूज असत आणि शत्रूच्या, तसेच स्वतःच्याही गोळ्यांनी ते झिजत जात. १९९५ च्या ‘टाइम क्रायसिस’मध्ये पायाखालचे पेडल सोडले की खेळाडू आड होई. घरगुती कन्सोलवर ही पद्धत ‘किल स्विच’ने २००३ मध्ये पुढे नेली. नोव्हेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या ‘गियर्स ऑफ वॉर’ने तर तिला खेळाचे व्याकरणच बनवले. एक बटण दाबले की सैनिक भिंतीला चिकटतो, डोके बाहेर काढून नेम धरतो, पुन्हा आड होतो. धावत सुटून गोळ्या झाडणाऱ्या आधीच्या खेळांच्या तुलनेत या खेळांना ‘डावपेचांचे खेळ’ म्हटले जाऊ लागले.

हे विशेषण सर्वस्वी खोटे नाही. कोन कसा साधावा, एका तुकडीने गोळीबाराने शत्रूला जागेवर खिळवून ठेवावे आणि दुसरीने बगलेवरून जावे, ही तत्त्वे लष्करी प्रशिक्षणातीलच आहेत. २००४ चा ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ हा खेळ तर अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण प्रकल्पातून जन्मला. त्यात खेळाडू स्वतः एकही गोळी झाडत नाही. तो केवळ दोन तुकड्यांना हुकूम देतो. त्यामुळे ‘हे खेळ मुलांना केवळ हिंसा शिकवतात’ हा नेहमीचा आक्षेप अपुरा ठरतो. खरी अडचण वेगळीच आहे. खेळातील आडोसा हा खेळाच्या रचनाकाराने खेळाडूला दिलेला शब्द असतो. कमरेइतकी भिंत दिसली की येथे चकमक होणार, हे अनुभवी खेळाडू आधीच ओळखतो. ती भिंत बहुधा गोळी अडवते. शत्रू समोरच असतो, आणि काही क्षण आड बसले की जखमही भरून येते. चूक झालीच, तर डाव पुन्हा सुरू करता येतो.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधच्या रानात असा शब्द कोणी देत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या जुन्या तलावाभोवतीच्या डोंगरांवर साग, ऐन, तेंदू आणि बांबूचे जंगल आहे. १९७५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गोंदिया जिल्ह्याची गणना दीर्घकाळ नक्षलग्रस्त जिल्ह्यांत होत असे. सैनिकी शास्त्र दोन गोष्टींत स्पष्ट भेद करते: गोळी अडवणारा आडोसा आणि केवळ नजर अडवणारी आड. बांबूचे बेट माणसाला लपवते, पण गोळी थोपवत नाही. शिवाय हे पानगळीचे जंगल आहे. पावसाळ्यात काही पावलांवरचा माणूस दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झडली की दूरवरची हालचाल नजरेस पडते आणि वाळलेल्या पाचोळ्यावर प्रत्येक पाऊल वाजते. माओवाद्यांची आक्रमक मोहीम साधारणतः मार्च ते जून या काळात राबवली जाई, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. एकच झाड जुलैत आड देते आणि एप्रिलमध्ये देत नाही, हे गणित पडद्यावर क्वचितच मांडले जाते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. मराठीत ‘आडोसा घेणे’ आणि ‘दबा धरणे’ असे दोन वेगळे वाक्प्रयोग आहेत. पहिला संकट आल्यावर केला जातो, दुसरा संकट घडवण्यासाठी. या रानातला वाघ शिकार टप्प्यात येईपर्यंत दबा धरून असतो. जंगलातील सशस्त्र संघर्षही बव्हंशी याच दुसऱ्या प्रकारचा राहिला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी गोंदियाच्या दक्षिणेला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात लाहेरीजवळ माओवाद्यांनी दबा धरून केलेल्या हल्ल्यात १७ पोलीस मृत्युमुखी पडले. १ मे २०१९ रोजी त्याच जिल्ह्यात जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि वाहनाचा चालक ठार झाले. रस्त्याखाली पुरलेल्या सुरुंगापुढे कोणती भिंत कामाची? पहिली चाल कोणाची, हे तेथे आधीच ठरलेले होते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-६०’ पथकात स्थानिक तरुण घेतले गेले, त्यामागेही हाच अनुभव होता. रान ओळखणारा, स्थानिक भाषा बोलणारा जवान हाच या मुलखात सर्वांत भरवशाचा आडोसा ठरला.

भारतीय खेळ बनवणाऱ्यांसमोर हा प्रश्न एकदा उभा राहिलाही होता. गलवान खोऱ्यात १५ जून २०२० रोजी झालेल्या संघर्षात बंदुका चालल्या नव्हत्या. त्यावर आधारलेला ‘फौजी’ हा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजी आला, तेव्हा त्यातही हातघाईचीच लढाई होती. बंदुकीच्या चकमकींची सवय असलेले अनेक खेळाडू त्यामुळे नाराज झाले. वास्तवाच्या जवळ जाणारी रचना खेळाडूला अपुरी वाटावी, ही बाब बोलकी आहे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस’ हा स्वतःचा नेमबाजीचा खेळ बाजारात आणला. म्हणजे तंत्र आणि मनुष्यबळ महाराष्ट्रातच आहे. आपल्या भूगोलावर, आपल्या अलीकडच्या इतिहासावर बेतलेले खेळ उद्या येथे बनू शकतात. ते कसे असावेत, याची चर्चा आताच झालेली बरी.

सरकारचे धोरण या प्रश्नाला अद्याप स्पर्श करीत नाही. सप्टेंबर २०२० मधील पबजी मोबाइलवरील बंदीचे कारण देशाची सुरक्षा आणि माहितीचे रक्षण हे होते; २०२५ च्या कायद्याचा रोख पैशांच्या व्यवहारावर आहे. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्याजोगे असले, तरी खेळ लढाईविषयी काय सांगतो, हे कायद्याने ठरावे अशी अपेक्षाही योग्य नव्हे. ते काम घरातल्या आणि वर्गातल्या संवादाचे आहे.

कारण याचा परिणाम खेळापुरता मर्यादित राहत नाही. एखादी तुकडी दबा धरलेल्या हल्ल्यात सापडली की शहरात बसून ‘त्यांनी कव्हर का घेतले नाही?’, ‘बगलेवरून का गेले नाहीत?’ असे सहज विचारले जाते. हे प्रश्न विचारणारा निर्दय नसतो. त्याच्या अनुभवातील प्रत्येक रणांगणावर कोणीतरी भिंत बांधून ठेवलेली असते, इतकेच. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात ज्यांनी आप्त गमावले, त्यांच्या वाट्याला असा सोपा सवाल येऊ नये, एवढी समज खेळणाऱ्या पिढीला देता आली पाहिजे.